गाडी येऊन राहिली

गोंदिया जंक्शनच्या फलाटावर माझ्या शेजारी एक आजी उभ्या होत्या. आमगावकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून लेक बोलत असावी, कारण आजी मोठ्याने म्हणाल्या, "हो माय, गाडी येऊन राह्यली. दिवा दिसून राह्यला."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे, पण त्या दिवशी ते पहिल्यांदाच नीट ऐकले. येणे म्हणजे हालचाल. राहणे म्हणजे एका जागी असणे. रूळ थरथरत होते, इंजिनाचा दिवा मोठा होत होता, आणि आजी त्या धावत्या गाडीला 'राहायला' लावत होत्या. पुण्या-साताऱ्याच्या माणसाला वाटेल, गाडी आली आणि इथेच मुक्कामाला राहिली. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही अर्थ कळतो: गाडी अजून पोचलेली नाही, ती येण्याच्या मधोमध आहे.

मधोमध असणे! कोणतीही क्रिया चालू असते तेव्हा माणूस त्या क्रियेच्या आत राहत असतो. घरात राहावे तसा येण्यात राहतो, खाण्यात राहतो, रडण्यात राहतो. 'काय करून राहिला?' या रोजच्या प्रश्नात हा सगळा विचार दडलेला आहे. आणि ही केवळ विदर्भाची खोड नाही. शेजारची हिंदी 'आ रही है' म्हणते, तिथेही तेच 'रहना' आहे. इंग्रजीत पूर्वी 'अ-हंटिंग' असे रूप होते. त्यातला 'अ' म्हणजे 'ऑन' या शब्दाचा झिजून उरलेला तुकडा. शिकार करणारा माणूस इंग्रजांच्याही लेखी शिकारी'वर' असे, शिकारीत वसलेला असे. हजारो मैलांवरच्या दोन भाषा काळाची गोष्ट सांगायला जागेच्या शब्दांकडे वळल्या.

तेव्हापासून मी हालचालीच्या शब्दांकडे टक लावून पाहू लागलो. त्यातून जे हाती आले ते इतके सुंदर आहे की ते वाटल्याशिवाय राहवत नाही.

चार वाटांचा जिल्हा

भाषा कशी चालते हे पाहायला गोंदियासारखी जागा नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला आहे. उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. हावडा-मुंबई मार्गावरच्या या जंक्शनातून एक फाटा बालाघाट-जबलपूरकडे जातो, दुसरा नागभीड-बल्लारशाहकडे. एकाच डब्यात झाडीबोली, हिंदी, पोवारी, छत्तीसगडी आणि गोंडी कानावर पडते. आणि या सगळ्या गर्दीत शाळकरी पोरे इंग्रजीचे एक पुस्तक उघडून बसलेली असतात. त्यात एक यादी असते, जिने महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांची झोप उडवली आहे: पुट ऑन, पुट ऑफ, पुट आउट, पुट अप; गेट इन, गेट आउट, गेट ओव्हर, गेट थ्रू.

या जोडगोळ्यांना 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकाने रूढ केले. पण डोकेदुखी फार जुनी आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश छापला, तेव्हा प्रस्तावनेतच कबूल केले की परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जड जाते ते हेच. क्रियापद ओळखीचे असते, त्यामागचा इवलासा शब्दही ओळखीचा असतो, आणि दोघे एकत्र आले की अर्थ हातातून निसटतो.

निसटतो, कारण आपण यादी पाठ करतो. त्या इवल्या शब्दाचे काम काय, हे कोणी सांगत नाही. त्याचे मूळ काम एकच आहे: वाट दाखवणे.

वाट कुठे ठेवायची?

कोणत्याही हालचालीत तीन गोष्टी असतात. कोण हलले, कसे हलले आणि कुठल्या वाटेने हलले. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड टॅल्मी यांनी दाखवून दिले की जगातल्या भाषा यातली वाट वाक्यात कुठे ठेवतात, त्यावरून त्यांचे दोन मोठे गट पडतात. एका गटात वाट क्रियापदाबाहेरच्या छोट्या शब्दात असते. दुसऱ्या गटात ती क्रियापदाच्या पोटात असते.

इंग्रजी पहिल्या गटातली. तिथे 'गो' हे एकच क्रियापद घ्यायचे आणि मागे बाण बदलत जायचे: गो इन, गो आउट, गो अप, गो डाउन, गो बॅक. मराठीत याच पाच गोष्टी सांगा बरे! शिरणे, निघणे, चढणे, उतरणे, परतणे. पाच बाण, पाच वेगळी क्रियापदे. आपल्याकडे दिशा क्रियापदाच्या रक्तातच आहे.

हे सर्वांत स्वच्छ दिसते ते धानाच्या बांधीत. आषाढ लागला की जिल्हाभर रोवणी सुरू होते. एका बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून नुसते पाहा. बायका कमरेत वाकतात. पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी डाव्या हातात असते. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे तीन-चार काड्या वेगळ्या करतात, चिखलात खोवतात, आणि पाय मागे सरतो. पुन्हा खोवतात, पुन्हा सरतात. रोवणी करणारी बाई पुढे जात नाही, मागे मागे जाते, म्हणजे लावलेल्या रोपावर पाय पडत नाही. संध्याकाळी बांधी हिरवी होते तेव्हा तिने दिवसभरात पुढे एक पाऊलही टाकलेले नसते.

आता रोवणीतली चार कामे इंग्रजीत सांगा. पऱ्हे उपटणे: 'पुल अप'. वाकणे: 'बेंड डाउन'. रोवणे: 'पुश इन'. सरणे: 'मूव्ह बॅक'. इंग्रजीच्या चार छोट्या शब्दांत चार दिशा उघड्यावर उभ्या आहेत: वर, खाली, आत, मागे. आपल्या तीन क्रियापदांनी दिशा गिळून टाकली आहे. 'उपटणे' म्हटले की 'वर' सांगावे लागत नाही, कारण खाली उपटता येतच नाही. एकट्या 'सरणे'ला मात्र 'मागे'ची मदत लागते. भाषा म्हणजे काही भूमितीचे पुस्तक नव्हे. जिथे सोय तिथे ती आपला नियम वाकवते.

इंग्रजीला मिळाले काय, मराठीला मिळाले काय?

वाट मागच्या शब्दाने उचलली की इंग्रजीचे क्रियापद मोकळे होते. मग ते 'कसे' सांगायला लागते. रन आउट, क्रॉल आउट, लिंप आउट, स्नीक आउट, स्टॅगर आउट. एकाच 'आउट'ला चालण्याच्या नाना तऱ्हा जोडता येतात. म्हणूनच इंग्रजीत चालण्या-पळण्याच्या क्रियापदांचे भरघोस पीक आहे. डॅन स्लोबिन यांनी रूथ बर्मन यांच्यासोबत यावर एक गोड प्रयोग केला. मर्सर मेयर यांचे १९६९ सालचे, एकही शब्द नसलेले बेडकाचे चित्रपुस्तक त्यांनी वेगवेगळ्या भाषांतल्या मुलांच्या आणि मोठ्यांच्या हाती दिले आणि गोष्ट सांगायला लावली. पाच भाषांतल्या त्या गोष्टींचा अभ्यास १९९४ साली पुस्तकरूपाने आला. चित्रे तीच, पण इंग्रजी सांगणाऱ्याच्या तोंडी हालचालीच्या तऱ्हा दाटीवाटीने येत होत्या. स्पॅनिश सांगणारा मात्र जागेचे चित्र उभे करत होता, आणि पात्र कुठून कुठे गेले हे ऐकणाऱ्याने त्या चित्रावरून समजून घ्यायचे होते.

मग मराठी 'कसे' सांगायला कमी पडते का? मुळीच नाही. मराठी ते वेगळ्या पिशवीत ठेवते. एक पिशवी म्हणजे 'त'ची रूपे: लंगडत बाहेर आला, रांगत गेला, घसरत खाली आली. दुसरी पिशवी म्हणजे आपल्या भाषेचा खास दागिना. बेडूक टुणकन उडतो. मासा सुळकन निसटतो. चिमणी भुर्रकन जाते. फणस धपकन पडतो. कानाला ऐकू येणारी आणि डोळ्याला दिसणारी चाल या एका 'कन'मध्ये मावते. 'सुळकन' या शब्दात अंगाचा बुळबुळीतपणा, वेग आणि पकडणाऱ्याच्या रिकाम्या मुठीतला चुटपुटता भाव, सगळे आले. अशा शब्दासमोर इंग्रजीला आख्खे वाक्य लिहावे लागते.

आणखी एक गंमत. वैनगंगेवरच्या पुलावर उभे आहोत आणि खाली एक डोंगा आहे अशी कल्पना करा. 'डोंगा पुलाखाली तरंगतो आहे' आणि 'डोंगा पुलाखालून गेला' या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिल्यात तो तिथेच आहे, दुसऱ्यात तो एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला पार झाला. इंग्रजीत दोन्हीकडे 'फ्लोटेड अंडर द ब्रिज' म्हणता येते, संदर्भावरून ओळखायचे. मराठीला एक 'ऊन' पुरतो. खाली-खालून, वर-वरून, मध्ये-मधून, जवळ-जवळून, मागे-मागून. जागेला 'ऊन' लावला की तिची वाट होते. आपण दिवसातून शंभर वेळा हा चमत्कार करतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

सगळ्यांत मोठे नवल मात्र 'आला' आणि 'गेला'मध्ये आहे. इंग्रजीत 'ही रॅन आउट' म्हटले की काम झाले. मराठीत 'तो बाहेर धावला' अपुरे वाटते, कान पुढच्या शब्दाची वाट पाहतो. 'धावत बाहेर आला' की 'धावत बाहेर गेला'? मराठी बोलणाऱ्याला ठरवावेच लागते. आणि ठरवले की सांगणारा कुठे उभा आहे हेही उघड होते. 'आला' म्हणजे मी अंगणात होतो. 'गेला' म्हणजे मी घरात होतो. इंग्रजी वाक्य धावणाऱ्याचे चित्र काढते. मराठी वाक्य त्या चित्रात पाहणाऱ्यालाही उभे करते.

'उठ-बस'मध्ये लपलेले दोन बाण

आता जरा खोल खणू. मराठीच्या क्रियापदांत दिशा आली कुठून?

शाळेत गुरुजी 'उठ-बस' करायला लावत. 'उठ' हा शब्द आला संस्कृतातल्या 'उत्' अधिक 'स्था' यांतून. 'उत्' म्हणजे वर, 'स्था' म्हणजे उभे राहणे. 'बस' आला 'उप' अधिक 'विश्' यांतून. उपविशति, मग प्राकृतातून येत येत बैसणे, आणि आजचे बसणे. म्हणजे 'उठ-बस' या दोन चिमुकल्या शब्दांत दोन उपसर्ग मुरून बसले आहेत. 'स्टँड अप' आणि 'सिट डाउन' यांचीच ही मांडणी. फरक इतकाच की इंग्रजीत बाण मागे आणि सुटा आहे, आपल्याकडे तो पुढे होता आणि दोन-अडीच हजार वर्षांच्या वापराने क्रियापदात विरघळून गेला.

एकदा हे दिसले की सगळी भाषा उकलत जाते. 'नेणे' म्हणजे 'नी' धातू. त्याला 'आ' लावला, आनयति, आणि झाले 'आणणे'. एका अक्षराने वाहून नेण्याची दिशा उलटी फिरवली. 'सृ' धातूचे 'सरणे' झाले, 'प्र' लागून 'पसरणे' झाले. वैनगंगेचे पाणी पुरात पसरते, मग ओसरते. त्या 'ओसरणे'तही तोच 'सृ' आहे, 'दूर' दाखवणाऱ्या उपसर्गासकट. बांधीतले 'उपटणे' घ्या: उत्पाटन, 'उत्' म्हणजे वर. 'पुल अप'मधला 'अप' आणि 'उपटणे'तला 'उ' एकच काम करतात. धान 'निपजते' ते 'निस्' अधिक 'पद्', म्हणजे बाहेर पडणे. आणि 'पाठवणे' म्हणजे 'प्र' अधिक 'स्था'चे प्रयोजक रूप, पुढे निघायला लावणे. म्हणजे 'उठ' आणि 'पाठव' ही सख्खी भावंडे! एकाच 'स्था'ला एका बाणाने उभे केले, दुसऱ्याने वाटेला लावले.

'उतरणे'ने तर मला थक्क केले. त्यात 'उत्' आहे, म्हणजे वर. मग अर्थ खाली येण्याचा कसा? कारण 'तॄ' म्हणजे तरून जाणे. पाण्यातून तरून वर काठावर यायचे, हा 'उत्तरति'चा अर्थ. नावेतून काठावर पाय ठेवणे म्हणजे उतरणे. नाव गेली, घोडा आला. घोडा गेला, रेल्वे आली. शब्द तोच राहिला आणि हळूहळू 'खाली येणे' हा त्याचा मुख्य अर्थ झाला. नदीला उतार असतो, म्हणजे ती पायी ओलांडता येते. रेल्वेच्या प्रवाशाला आपण 'उतारू' म्हणतो. गोंदियाच्या फलाटावर पाय टेकवणारा प्रत्येक उतारू शब्दापुरता अजूनही नदी पार करून काठावर चढत असतो. आणि परगावी आपण धर्मशाळेत 'उतरतो', इंग्रजी माणूस हॉटेलात 'पुट अप' होतो. वरवर पाहता एक खाली आणि एक वर. आतून पाहिले तर दोन्हींत 'वर'च!

भारतीय माणूस बसमधून 'गेट डाउन' होतो, ब्रिटिश माणूस 'गेट ऑफ' होतो. शिक्षक याला चूक म्हणतात. परीक्षेत 'गेट ऑफ' लिहावे, हे खरेच. पण आपल्या जिभेवर 'डाउन' का येतो, हेही मुलांना कळायला हवे. ब्रिटिश माणसाला बसपासून सुटे होणे दिसते. आपल्याला पायरीवरून खाली येणे दिसते. एकाच पायरीकडे पाहण्याचे हे दोन डोळे आहेत.

पाणिनीने टिपून ठेवलेले

संस्कृतातले उपसर्ग परंपरेने बावीस मोजतात. ते धातूच्या आधी येतात, हा नियम पाणिनीने अष्टाध्यायीत सांगितला. पण लगेच पुढच्या दोन सूत्रांत त्याने एक नोंद केली आहे. वेदात उपसर्ग धातूनंतरही येतो आणि दोघांच्या मध्ये दुसरे शब्दही बसू शकतात. ही नोंद वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसलो. क्रियापदापासून सुटा, कधी मागे, कधी मध्ये चार शब्द टाकून लांब. 'पिक द बुक अप'! इंग्रजीतल्या ज्या सवयीने आपण हैराण होतो, ती वैदिक ऋषींच्या जिभेवरही होती.

संस्कृत, इंग्रजी आणि जर्मन या एकाच मोठ्या घराण्यातल्या बहिणी. जर्मनमध्ये आजही 'उठणे'तला 'वर' वाक्यात तुटून पार शेवटी जाऊन बसतो. इंग्रजीत पूर्वी बाण बहुतेक वेळा पुढे असे आणि नंतर तो मागे सरकला, पण नामांमध्ये जुनी घडण शिल्लक आहे. आत येते ते 'इनकम', आत येणे 'कम इन'. साथ पसरते ती 'आउटब्रेक', पसरणे 'ब्रेक आउट'. खाली कोसळणे 'फॉल डाउन', ऱ्हास मात्र 'डाउनफॉल'. आयकराचा अर्ज भरताना आपण ज्या 'इनकम'ला वैतागतो, ती मुळात दारातून आत येणारी एक साधी हालचाल आहे. आपली 'आवक'ही तीच, आणि 'जावक' तिची उलटी.

दुसरे क्रियापद: मराठीचा बाण

उपसर्ग विरघळले. मग मराठीने 'ईट अप'मधला तो 'अप' कुठून आणायचा? तिथे मराठीने जे केले ते मला सर्वांत सुंदर वाटते. तिने हालचालीचे दुसरे क्रियापद आणून मागे उभे केले.

'ईट अप': खाऊन टाक. 'राइट डाउन': लिहून ठेव. 'फाइंड आउट': शोधून काढ. 'गिव्ह अप': सोडून दे. 'ड्राय अप': आटून जा. 'रन अवे': पळून जा.

ही जोडी हळू वाचा. 'आउट'च्या जागी 'काढ' आहे, आणि काढणे म्हणजे आतून बाहेर आणणेच. 'डाउन'च्या जागी 'ठेव' आहे, आणि ठेवायचे म्हणजे हातातले खाली टेकवायचेच. इंग्रजीने वाक्याच्या टोकाला दिशा ठेवली, मराठीने हाताची एक हालचाल ठेवली. दोघींनी त्या टोकावरून एकच गोष्ट सांगितली: काम कुठवर गेले आणि कोणाच्या पदरात पडले.

एका शेतकऱ्याचे वाक्य घ्या. "धान कापून टाकले, भारे बांधून ठेवले, पुंजणे मळून काढले, घाईने विकून बसलो, आणि भाव निघून गेला." 'टाकले' म्हणताना हात झटकलेला दिसतो, काम संपले. 'ठेवले'त उद्याची सोय आहे. 'काढले'त पेंढीतला दाणा बाहेर येतो. 'बसलो'मध्ये पश्चात्ताप आहे. माणूस एकदा चिखलात बसला की उठणे अवघड, तसा तो आपल्या निर्णयात बसला आहे. 'गेला' म्हणताना हाताबाहेरची वाट दिसते. यातले एकही क्रियापद इथे आपला मूळ अर्थ सांगत नाही. कोणी काही फेकले नाही, कोणी खाली बसले नाही. तरी प्रत्येकाची मूळ हालचाल अर्थाला रंग देऊन जाते.

आणि 'ईट अप'मध्ये 'वर' का? नवेगावबांधचा तलाव किंवा गावचा मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव पावसाळ्यात पाहा. पाणी चढते, चढते, आणि सांडव्याला टेकले की तलाव भरला. भरणे म्हणजे वर जाणे, आणि वर टोकाला जाणे म्हणजे पुरे होणे. भांडे असो, पोते असो की तलाव, हे दृश्य जगात सगळीकडे सारखेच. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली हेच मांडले: 'जास्त म्हणजे वर' हा विचार माणूस शरीराने शिकतो, शब्द नंतर येतात. म्हणून आपलेही भाव चढतात आणि ताप उतरतो. 'वर'ला 'पुरे'चा अर्थ चिकटला, की मग संपवणे, आटणे, वापरून टाकणे सगळीकडे 'अप' लागत गेला.

अशी जोडक्रियापदे मराठीत आहेत, हिंदीत तर आणखी जास्त आहेत. तमिळ, तेलुगू यांच्यासारख्या वेगळ्या कुळातल्या द्राविडी भाषांतही आहेत. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ साली भारत हे एक 'भाषिक क्षेत्र' असल्याचे मांडले. वेगवेगळ्या घराण्यांतल्या भाषा एका अंगणात राहून एकमेकींच्या सवयी उचलतात. गोंदियात हे कळायला पुस्तक वाचावे लागत नाही, रेल्वेच्या डब्यात बसले की पुरते. आजीचे 'येऊन राह्यली' हे मराठीच्या 'राहणे'ला हिंदीच्या 'रही'सारखे काम देणारे वाक्य आहे. त्यात कोणाची चूक नाही. शेजाराने घडवलेली ती एक चांगली भाषा आहे.

सारस आणि विमान

शेवटी एक उड्डाण. परसवाड्याच्या तलावाकाठी आणि आसपासच्या धानात सारस दिसतो. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच, उभा राहिला की माणसाएवढा. तो उडतो तेव्हा आधी काही पावले धावतो, पंख पसरतो, मग लांब पाय जमिनीवरून सुटतात आणि मागे ताणले जातात. याच जिल्ह्यात बिरसी विमानतळ आहे. तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे आणि शिकाऊ मुले-मुली दिवसभर विमाने चढवत-उतरवत असतात. विमानही तसेच धावते, मग सुटते.

त्या क्षणाला इंग्रजी 'टेक ऑफ' म्हणते. 'ऑफ' म्हणजे पृष्ठभागापासून सुटे. इंग्रजीचे लक्ष धावपट्टीवर आहे, चाक जमिनीला सोडते त्या केसाएवढ्या फटीवर. आपण 'उड्डाण' म्हणतो. 'उत्' अधिक 'डी'. आपले लक्ष आभाळाकडे आहे. सारस एकच, विमान एकच, क्षण एकच. एका भाषेने सुटणे पाहिले, दुसरीने वर जाणे पाहिले. ज्याला दोन्ही शब्द येतात त्याला दोन्ही दिसतात.

म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या सगळ्यांना माझे एक कळकळीचे सांगणे आहे. मुलांपुढे ती यादी टाकण्याआधी त्यांना वर्गात उठवा, बसवा, पिशवीतून पुस्तक काढायला लावा, फळ्यावरचे पुसून टाकायला लावा. 'काढ'मध्ये 'आउट' आहे आणि 'ठेव'मध्ये 'डाउन' आहे हे त्यांना स्वतःच्या हातांनी कळू द्या. प्रत्येक जोडी अशी सुटणार नाही, काही पाठ कराव्याच लागतील. पण ते मूल मग परक्या दारात उभे राहणार नाही. ज्या घरात 'गाडी येऊन राहिली' असे म्हणतात, त्या घरातल्या मुलाला स्थिर शब्दाने धावणारी गाडी दाखवता येते. त्याच्यासाठी 'पुट ऑफ' अवघड नाही. त्याला फक्त सांगा की हे तुला आधीपासून येते.